चिरे कुणी वाहिले?

देवळाच्या भिंतीशी आपलं नातं जुनं. मी करकंबचा. पंढरपूर सायकलीच्या टप्प्यात. तिथं महाद्वारी चोखोबाची समाधी. मंगळवेढ्याचा गावकूस बांधताना भिंत कोसळली आन् चोखोबा मजुरांसंगं गाडला गेला, असं आमच्याकडं सांगतात. भिंत बांधणारा आत कधी गेला? विठोबाचं दार आपल्याला १९४७ साली उघडलं, तेही साने गुरुजी उपाशी बसल्यावर.

म्हणून गिरणीच्या सुट्टीत जुन्या गोव्याला गेलो, तेव्हा से कॅथेड्रलची भिंतच आधी बघितली. से म्हणजे बिशपची गादी. २५ नोव्हेंबर १५१० ला अल्बुकर्कनं आदिलशाहीकडून गोवा जिंकला. त्या दिवशी संत कॅथरीनचा सण, म्हणून चर्च तिच्या नावानं. म्हणजे हे जितकं देवाचं, तितकंच जेत्याचं. आजची इमारत १५६२ ला सुरू झाली, १६१९ ला उभी राहिली. सत्तावन्न वर्षं! बापानं चिरा उचलला असेल, तर नातवानं गिलावा केला असेल. भिंत जांभ्याची, वर चुना. बाहेरून साधी तस्कन घडण, आत कोरिंथियन थाट. लांबी सुमारे ७६ मीटर. आमचं अख्खं साचाखातं आत मावेल.

दोन मनोरे होते. १७७६ ला एक पडला, तो पुन्हा बांधलाच नाही. उरलेल्यात मोठी घंटा आहे, तिला सोन्याची घंटा म्हणतात. ह्याच गोव्यात १५६० ला इन्क्विझिशन बसलं, ते अखेर १८१२ ला उठलं.

दारात मला कुणी जात विचारली नाही. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण इतिहास तिथं थांबत नाही. धर्म बदलला तरी गोव्यात बामण, चारडो, सुदिर ही नावं राहिली. कित्येक गावांत चर्चची मानाची मंडळं, त्यांना कोन्फ्रारिया म्हणतात, वरच्या जातींनी आपल्याच हातात ठेवली. मनोरा पडला, उतरंड न्हाय पडली.

बाबासाहेबांनी १९५६ ला नागपुरात दीक्षेसोबत बावीस प्रतिज्ञा का दिल्या, हे मला त्या भिंतीपाशी नीट कळलं. नुसतं छप्पर बदलून भागत नाही.

राजाचं, संताचं नाव तिथं सगळे सांगतात. चिरे वाहणाऱ्याचं नाव मला एकाही भिंतीवर दिसलं नाही. तुम्ही कुठलंही जुनं बांधकाम बघायला जाल, तेव्हा हे आधी विचारा. उत्तर मिळालं नाही, तर तेवढं तरी लिहून ठेवा.