विधिसंघर्षग्रस्त बालक आणि पोलिसांचा बळाचा वापर : पुण्याच्या संदर्भात

पुणे शहरात शस्त्रधारी अल्पवयीन मुलांचा प्रश्न ‘कोयता गँग’ या नावाने २०२२ च्या अखेरीस गाजू लागला. परंतु हत्यारी गुन्ह्यात सापडलेला शाळकरी मुलगा आणि पोलीस यांची गाठ या शहरात त्याच्या सव्वाशे वर्षे आधीच पडली होती. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंड रस्त्यावर झालेल्या प्लेग अधिकारी रँड यांच्या वधाच्या प्रकरणात आरोपी दामोदर चाफेकर यांची माहिती देणाऱ्या द्रविड बंधूंवर ८ फेब्रुवारी १८९९ रोजी गोळ्या झाडण्यात आल्या, आणि रामा पांडू या पोलीस अंमलदारालाही मारण्याचा प्रयत्न झाला. या कटात वासुदेव चाफेकर व महादेव रानडे यांच्याबरोबर खंडो विष्णू साठे हा अल्पवयीन मुलगाही पकडला गेला. मे १८९९ मध्ये वासुदेव आणि रानडे फाशी गेले. साठे याला मात्र वयामुळे दहा वर्षांची सक्तमजुरी झाली. वयाचा विचार झाला तो शिक्षा ठरवताना, आणि वाचला तो केवळ जीव.

त्या काळच्या कायद्याची घडणच तशी होती. १८६० च्या भारतीय दंड संहितेने सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा मानले नाही आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाबाबत त्याला आपल्या कृत्याची समज होती की नाही हे पाहण्यास सांगितले. त्यापुढच्या वयाच्या मुलांसाठी दोन वाटा होत्या. पहिली सुधारशाळेची, १८९७ च्या कायद्यानुसार पंधरा वर्षांखालील मुलाला तुरुंगाऐवजी तीन ते सात वर्षे अशा शाळेत ठेवता येत असे. दुसरी वाट वेताची. १८६४ च्या फटक्यांच्या कायद्याने अल्पवयीन गुन्हेगाराला हलक्या वेताने, शाळेत शिस्तीसाठी मारतात तसे, मारण्याची मुभा दिली. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने प्रौढासाठी तीस आणि सोळा वर्षांखालील मुलासाठी पंधरा फटक्यांची कमाल मर्यादा घातली, शिक्षा हप्त्याहप्त्याने देण्यास मनाई केली आणि गुन्हेगाराची प्रकृती फटके सोसण्याजोगी आहे याची खात्री करून घेण्याची अट घातली. ही पद्धत क्रूर होती यात वाद नाही. तथापि तिच्यात राज्यसंस्थेने मुलावर चालवलेले बळ आकड्यात मोजलेले होते, त्याला न्यायाधीशाचा लेखी हुकूम लागत असे आणि कोणीतरी त्याचा जबाबदार धनी असे.

पकडण्याच्या क्षणाबद्दल मात्र हेच कायदे वयाच्या बाबतीत जवळजवळ मुके होते. अटकेला विरोध झाल्यास पोलिसाने आवश्यक ती सर्व साधने वापरावीत, पण फाशी किंवा जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्याच्या आरोपीचा जीव घेण्याचा अधिकार त्याला नाही, एवढेच प्रक्रिया संहितेचे कलम ४६ सांगत असे. आरोपी चौदा वर्षांचा की चाळीस वर्षांचा, याचा त्यात उल्लेख नव्हता. दंड संहितेने तर स्वसंरक्षणाच्या प्रकरणात मुलांचा विचार उलट बाजूने केला होता. कलम ९८ नुसार हल्लेखोर अल्पवयामुळे किंवा अपक्व समजेमुळे गुन्हेगार ठरत नसला, तरी त्याच्यापासून बचाव करण्याचा हक्क तेवढाच राहतो. कलम १०६ च्या उदाहरणात जमाव अंगावर आला असून त्यात लहान मुले मिसळलेली आहेत, गोळी झाडल्याखेरीज जीव वाचत नाही, अशा प्रसंगी एखाद्या मुलाला इजा झाली तरी तो गुन्हा नव्हे, असे स्पष्ट म्हटले आहे. दंड संहितेच्या कर्त्यांना हा प्रसंग सुचावा, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

विसाव्या शतकात चित्र पालटले ते मुख्यतः न्यायालयाच्या आणि संस्थेच्या बाजूने. १९२४ चा मुंबई मुलांचा कायदा, त्याची जागा घेणारा १९४८ चा कायदा, १९५५ मध्ये रद्द झालेली फटक्यांची शिक्षा, १९८६ चा देशव्यापी बालन्याय कायदा, मुलग्यांची वयोमर्यादा सोळावरून अठरावर नेणारा २००० चा कायदा आणि १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आलेला सध्याचा कायदा, असा हा प्रवास आहे. त्यात ‘बालगुन्हेगार’ मागे पडून ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’, म्हणजे कायद्याशी संघर्षात आलेले मूल, ही संज्ञा रूढ झाली. २०१६ च्या आदर्श नियमांतील आठव्या नियमाने अशा मुलाला कोठडीत ठेवण्यास, बेड्या घालण्यास आणि त्याच्यावर कोणतीही बळजबरी किंवा बळाचा वापर करण्यास पोलिसांना मनाई केली. फौजदारी प्रक्रियेचे जुने कलम दुसरीकडे तसेच राहिले आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४३ म्हणून ते पुन्हा लागू झाले. एक नियम बळच नको म्हणतो, दुसरा आवश्यक तेवढे वापरा म्हणतो. कोयता उगारलेल्या सोळा वर्षांच्या मुलासमोर उभ्या असलेल्या शिपायाला यांतला कोणता लागू, हे दोन्हींपैकी एकही सांगत नाही.

पुण्यात या उणिवेला धार आली ती कोयत्यामुळे. ऊस तोडण्याचे आणि नारळ फोडण्याचे हे अवजार परवान्याविना कोणत्याही बाजारात मिळते, आणि त्यामुळेच पिस्तुलाची ऐपत नसलेल्या पोरांच्या हाती ते सहज आले. डिसेंबर २०२२ मध्ये सिंहगड लॉ कॉलेजच्या परिसरात कोयते परजून दहशत माजवणाऱ्यांपैकी एकाला दोन पोलिसांनी लाठीने बडवून काढल्याची चित्रफीत सर्वत्र फिरली आणि त्या पोलिसांचे जाहीर कौतुक झाले. त्यानंतर पोलिसांनी कोयतेविक्रीवर नजर ठेवली. टोळक्यांत अल्पवयीनांचा भरणा असल्याचे याच सुमारास वारंवार बोलले जाऊ लागले. मुलाचे वय नंतर शाळेच्या किंवा जन्माच्या दाखल्यावरून आणि ते नसल्यास वैद्यकीय तपासणीने ठरते. गल्लीतल्या अंधारात लाठी उगारणाऱ्याजवळ यांतले काहीच नसते. म्हणून संयम हा वय ठरल्यावर सुरू करावयाचा उपचार मानणे व्यवहारात फोल ठरते, आणि लोकांच्या टाळ्यांना त्याचा मापदंड समजणे तर त्याहून वाईट. मे २०२४ मधील कल्याणीनगरच्या मोटार अपघातानंतर अल्पवयीन चालकाला निबंध लिहिण्याच्या अटीवर मिळालेल्या जामिनावरून उसळलेल्या संतापाने बालन्याय व्यवस्थेबद्दलचा लोकांचा अविश्वास आणखी वाढवला, जरी त्या प्रकरणाचा शस्त्राशी संबंध नव्हता.

संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या हवाना येथील मूलतत्त्वांनी पोलिसांचे बळ आवश्यकतेपुरते व प्रमाणात असावे आणि त्याची नोंद व्हावी अशी अपेक्षा ठेवली आहे. याच्या उलट, अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात २२ नोव्हेंबर २०१४ रोजी खेळण्यातले पिस्तूल बाळगणाऱ्या बारा वर्षांच्या मुलावर पोलिसांनी गाडी पोहोचताच दोन सेकंदांच्या आत गोळी झाडली. अंतर राखणे, आडोसा घेणे, बोलण्यात गुंतवून वेळ काढणे यांना त्या दोन सेकंदांत वावच नव्हता. पुण्याच्या शिपायाच्या हातात बहुधा लाठी असते, बंदूक नव्हे, आणि कोयत्याचा पल्ला हाताच्या लांबीएवढाच असतो. त्यामुळे अंतर राखून जादा कुमक येईपर्यंत थांबण्याची सोय येथे तुलनेने अधिक आहे. तिचा सराव करून घेणे हे प्रशिक्षणाचे काम ठरते, कायदेदुरुस्तीचे नव्हे.

बळाची नोंद मागे राहण्याची एक जागा मात्र विद्यमान बालन्याय कायद्यातच आहे. कलम १४ नुसार चौकशी सुरू करतानाच बालन्याय मंडळाने, म्हणजे एक न्यायदंडाधिकारी व दोन सामाजिक कार्यकर्ते यांच्या पीठाने, मुलाला पोलिसांकडून किंवा अन्य कोणाकडून दुर्वर्तन सोसावे लागले नाही याची स्वतः खात्री करून घ्यावयाची असते आणि तसे आढळल्यास उपाय योजावयाचे असतात. पुण्याचे मंडळ येरवड्यातील पंडित जवाहरलाल नेहरू उद्योग केंद्राच्या आवारात बसते, आणि पकडल्यापासून चोवीस तासांच्या आत मुलाला तेथे हजर करावे लागते.