शाळाविषयक तक्रारी आणि लोकपालाची अधिकारमर्यादा (इंग्लंड)

इंग्लंडमधील स्थानिक प्रशासनाच्या लोकपालाचे पद 1974 च्या स्थानिक शासन कायद्याने निर्माण झाले. शालेय प्रवेशावरील अपील, विद्यार्थी-वाहतूक, विशेष गरजा असलेल्या मुलांची सोय यांबाबत स्थानिक परिषदेच्या कारभाराची चौकशी लोकपाल करू शकतो. परंतु परिषदेच्या शाळांतील अध्यापन, अभ्यासक्रम, अंतर्गत व्यवस्थापन व शिस्त हे विषय याच कायद्याच्या पाचव्या परिशिष्टाने वगळले आहेत. न्यायाधिकरणाकडे दाद मागता येईल अशा बाबींतही तो सहसा पडत नाही.

ही विभागणी कागदावर स्पष्ट असली, तरी मुलाच्या अनुभवात ती टिकत नाही. 2014 च्या बालक व कुटुंब कायद्यानुसार, मुलाच्या विशेष गरजांसाठी आखलेल्या योजनेत नमूद केलेले विशेष शैक्षणिक साहाय्य मिळवून देण्याची जबाबदारी परिषदेची असते. ते प्रत्यक्षात देते मात्र शाळा. त्यामुळे एकाच तक्रारीचा एक भाग चौकशीयोग्य ठरतो आणि दुसरा बाहेर राहतो. 2009 च्या कायद्याने शाळांविषयीच्या तक्रारीही लोकपालाकडे सोपवल्या व काही भागांत प्रयोग सुरू झाला. 2011 च्या शिक्षण कायद्याने ती तरतूद रद्द केली. अशा तक्रारींसाठी पुढे शिक्षणमंत्र्यांचा मार्ग उरला.

बाहेरच्या चौकशीमुळे शिक्षकांच्या व्यावसायिक निर्णयस्वातंत्र्याला बाधा येईल, हा आक्षेप गंभीर आहे. तथापि लोकपाल निर्णयाची गुणवत्ता नव्हे, तर तो घेण्याची पद्धत तपासतो. म्हणून अध्यापन वगळणे समर्थनीय ठरते. तक्रार हाताळण्यातील अन्याय वगळणे ठरत नाही.