फुटबॉल, वायसर आणि चामड्याची एक झडप

एप्रिलमधल्या एका सकाळी आत्याचा फोन आला. "मोटर चालू होते रे, पण पाणी धरीना." मी पुण्यात, आत्या जालना जिल्ह्यातल्या गावी एकटी. नळयोजनेचं पाणी आठवड्यातून एकदा येतं, बाकी सगळी भिस्त परसातल्या विहिरीवर. म्हणून बॅग भरली आणि निघालो.

विहिरीत अर्ध्यावर एक कट्टा आहे, त्यावर मोनोब्लॉक बसवलेला. लहानपणी वाटायचं, एवढी जड मोटर विहिरीत उतरवून का ठेवली असेल? वर ठेवली असती तर दुरुस्ती किती सोपी झाली असती! याचं उत्तर गॅलिलिओच्या 1638 सालच्या पुस्तकात आहे. ओढून घेणारा पंप पाणी अठरा हातांच्या वर चढवू शकत नाही, हे त्याने लिहून ठेवलं, पण कारण त्याला नीट सापडलं नाही. ते त्याचा शिष्य तोरिचेल्लीने पुढच्या पाच-सहा वर्षांत दिलं. पंप पाणी ओढत नाही, तो फक्त पाइपातली हवा काढतो. पाणी वर ढकलतो तो बाहेरच्या हवेचा दाब, आणि त्याची ताकद सुमारे 10.3 मीटरला संपते. प्रत्यक्षात सात-आठ मीटर मिळाले तरी नशीब.

मिस्त्रीमामांनी तोरिचेल्लीचं नाव ऐकलेलं नाही. त्यांनी दोरी सोडून पाणी मोजलं आणि म्हणाले, "पंचवीस फुटाच्या खाली गेलं की ही मोटर हात टेकते. पाणी बावीसवर आहे. म्हणजे दोष फुटबॉलचा."

फुटबॉल म्हणजे फूट-व्हॉल्व्ह, पाइपच्या तळाशी बसणारी जाळीची झडप. आमच्याकडे सगळे फुटबॉलच म्हणतात, दुकानदारसुद्धा. मोटर बंद झाली की ही झडप मिटते आणि पाइपातलं पाणी अडवून धरते. ती गळू लागली की पाइप रिकामा होतो, पंप हवा धरतो आणि नुसताच घरघरतो. यावरचा गावठी उपाय म्हणजे पंपात शेणकाला ओतणं. शेणातला चोथा झडपेच्या फटीत अडकतो आणि पाणी थांबतं. आत्याने दोन दिवस तेच केलं होतं. तिसऱ्या दिवशी शेणानेही हात टेकले.

मामांनी पाइप वर ओढला, फुटबॉल खोलला. आतली चामड्याची चकती कुजून चिंध्या झाली होती. पिशवीतून त्यांनी चामड्याचा एक तुकडा काढला, जुन्या चकतीवर ठेवून खिळ्याने आखला आणि कापू लागले. त्यांचा हात इतका सराईतपणे फिरत होता की मी विचारलंच, हे कुठे शिकलात? "घरातलंच काम हाये. आमचे आजे तुमच्याच विहिरीची मोट शिवायचे."

हे मला माहीत नव्हतं. किंवा अर्धवट माहीत होतं आणि विचारावंसं कधी वाटलं नव्हतं.

मोट म्हणजे चामड्याची भलीमोठी पिशवी. बैल धावेच्या उतारावरून खाली जायचे, नाडा ताणला जायचा, मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी व्हायची. आज व्हिडिओत ते दृश्य रम्य दिसतं. पण चामडं दिवसभर भिजतं, दगडाला घासतं, फाटतं. म्हणजे मोटेचा इतिहास हा खरं तर दुरुस्तीचा इतिहास आहे. चाक आणि कणा सुताराकडे, नाडा मांगाकडे, मोटेची शिवण चांभाराकडे. मोबदला खळ्यावर, धान्याच्या रूपात, म्हणजे बलुतं. ज्यांच्या शिवणीतून अख्ख्या वाड्याचं पाणी वर यायचं, त्यातल्या चांभाराला आणि मांगाला त्या विहिरीला शिवायची मुभा नव्हती. चामडं विहिरीत बुडायचं, ते चालायचं. शिवणाऱ्याचा पोहरा मात्र बुडालेला चालत नसे. जोतीराव फुल्यांनी 1868 साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला आणि 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले, हे शाळेत पाठ केलेलं असतं. आपल्याच परसातली विहीर त्या धड्यात येत नाही.

मोट गेली ती पंपामुळे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, तिथे आधी लोखंडी नांगर झाले आणि 1926 च्या सुमारास सेंट्रिफ्युगल पंप. पण गावोगावी वीज पोहोचायला आणखी काही दशकं गेली, तोवर डिझेल इंजिनाची टुकटुक. मग 1972 चा दुष्काळ आला. विहिरी आटल्या आणि काळ्या पाषाणात यंत्राने भोकं पाडण्याचा सपाटा सुरू झाला.

भोकावर बसवले हापसे, आणि इथे मोठी गंमत झाली. ते ओतीव लोखंडाचे हापसे एका कुटुंबाच्या अंगणासाठी घडवलेल्या विलायती पंपांच्या नकला होत्या. इथे त्यांच्यावर अख्खं गाव पहाटेपासून लटकायचं. महिन्याभरात खिळी झिजायची, दांडा लुळा पडायचा. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर पाहणी झाली तेव्हा निम्म्याहून कितीतरी जास्त हापसे बंद सापडले. उत्तराचा एक भाग आपल्याकडेच तयार होता. जालना आणि सोलापूर भागात बोअर पाडणाऱ्या मंडळींनी पोलादी पत्र्याचे, वेल्डिंग केलेले मजबूत हापसे बनवले होते. त्यातल्या सोलापूर पंपाच्या पायावर युनिसेफ आणि भारत सरकार यांनी 'इंडिया मार्क टू' घडवला, जो पुढे आफ्रिकेतल्या खेड्यांपर्यंत गेला. माझ्या जिल्ह्याच्या नावाचा एक पंप होता, हे मला कोणत्याही पुस्तकाने सांगितलं नाही.

मार्क टूचीही एक खोड होती. सिलिंडरमधला वाटीसारखा वायसर, सुरुवातीला तोही चामड्याचा, बदलायचा तर सगळे पाइप उपसून काढावे लागत. म्हणजे तालुक्याची गाडी येईपर्यंत बायकांनी कोसभर चालायचं. मार्क थ्रीमध्ये पाइप रुंद केला, दट्ट्या पाइपातूनच वर ओढता येऊ लागला. मामा तरुणपणी तेच काम शिकले. "साहेबाची वाट बघायची गरज राहिली नाही," एवढंच ते म्हणाले.

दुपारी फुटबॉल बसवला. पंपात कळशीभर पाणी ओतलं, बटण दाबलं. आधी शेणाचं हिरवट पाणी आलं, मग स्वच्छ. काकांचा फोन चालूच होता: विहीर सोडा, चारशे फूट बोअर घ्या, सबमर्सिबल टाका. मामा म्हणाले, "बोअरमधली मोटर जळली की गाडी बोलवा, पाइप उपसा. इथं मी हाये तवर उतरीन. पोरगा पुण्यात एसी दुरुस्त करतो."

आत्याने स्टीलच्या पेल्यात चहा आणला, आमचेच पेले, तिघांना सारखे. मला आजी आठवली. ती त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायची, हात उंच धरून. मी तेव्हा सहा-सात वर्षांचा असेन आणि मला तो खेळ वाटायचा. मामांना ते आठवत असणारच. मी विचारलं नाही.

चहा संपवून त्यांनी पेला उचलला, मोटरीच्या धारेखाली धरून विसळला आणि ओट्यावर पालथा घातला. आत्या म्हणाली, "अहो राहू द्या, मी घासते." ते म्हणाले, "सवय हाये."

मजुरी त्यांनी दोनशे सांगितली. चामड्याचे पैसे घेतले नाहीत.