तलवारीला भावकी नसते

१९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला. त्यात तुम्ही आधी 'फायटिंग-मॅन' निवडायचा आणि मग मारामारी करायची. हा लढवय्या कुठल्या गावचा, कुणाचा कोण, कुणाच्या जिवावर जेवतो, असले प्रश्न खेळाला पडत नव्हते.

ग्रेग स्टॅफर्डला ते पडत होते. १९६६ पासून तो 'ग्लोरांथा' नावाच्या जगाच्या पुराणकथा लिहीत होता. १९७५ मध्ये त्याने केऑसियम ही कंपनी काढून त्या जगावरचा पहिला बोर्डगेम छापला. १९७८ मध्ये स्टीव्ह पेरिन आणि साथीदारांनी केलेला 'रूनक्वेस्ट' आला, त्यात 'क्लास' नव्हतेच. त्याऐवजी पंथ होते. पुढच्याच वर्षी 'कल्ट्स ऑफ प्रॅक्स' हे पुस्तक आलं, आणि लढवय्या असणं म्हणजे कुठल्यातरी देवाचा असणं हे पक्कं झालं. देव शक्ती देतो, बदल्यात वागण्याचे नियम घालतो.

ग्लोरांथातली ऑर्लान्थी माणसं भावकीत राहतात. शेती, गुरं, शेजारच्या कुळाची गुरं पळवणं, आणि त्यात माणूस मेला तर गुरांच्या रूपात भरपाई. हे बरंचसं जुन्या आइसलँडसारखं आहे. तिथेही राजा नव्हता आणि खुनाचा हिशोब घराण्यांमध्ये मिटवला जाई. अशा समाजाला लढवय्ये लागतात, पण त्यांची भीतीही वाटते. मारायला शिकवलेल्या माणसाला घरात ठेवायचं कसं?

याचं उत्तर स्टॅफर्डने एका पुराणकथेत ठेवलं आहे. मृत्यू हे तिथे एक शस्त्र आहे. युरमाल नावाच्या लबाड देवाने ते पाताळातून आणलं आणि हुमाक्तच्या हाती पडलं. पुढे त्याचा भाऊ ऑर्लान्थ, म्हणजे वादळाचा देव, याने त्याच शस्त्राने सूर्यसम्राट येल्मला मारलं आणि जग अंधारात गेलं.

इथून दोघा भावांच्या वाटा फुटतात.

हुमाक्तने शस्त्र ठेवलं आणि नातं तोडलं. त्याच्या पंथाचे लोक शब्दाचे पक्के असतात. कुणी दबा धरून हल्ला न करण्याचं व्रत घेतो, कुणी आणखी कसलं. ज्या जगात मेलेल्याला जादूने उठवता येतं, तिथे हे लोक ती सोय नाकारतात. सगळ्या कुळाला त्यांचा आदर वाटतो, पण हा माणूस आपला आहे असं म्हणताना लोक जरा अडखळतात. स्टॉर्म बुल पंथाचे तर विचारूच नका. केऑसच्या राक्षसांसमोर त्यांच्यासारखं कुणी नाही, पण शांततेच्या दिवसांत सगळ्या गावाला त्यांचा ताप.

ऑर्लान्थ मात्र केलेलं निस्तरायला निघाला. सूर्याला परत आणण्यासाठी तो मृतांच्या देशात उतरला. त्याच्यासोबतची मंडळी पाहा: बरं करणारी शलाना अरॉय, जिने कुणालाही इजा न करण्याची शपथ घेतली आहे, व्यापारी इसरीझ, लेखनिक ल्हँकोर म्ही, तोच लबाड युरमाल, मांसाचा माणूस, आणि गूढ जिन्ना जार. एकूण सात. त्यांत हुमाक्त नाही!

मला वाटतं, सगळी मेख इथे आहे. कुळाचं मंडळही सात जणांचंच असतं. १९९९ चा 'किंग ऑफ ड्रॅगन पास' हा संगणकखेळ (आता फोनवरही आहे) खेळून पाहा. नवखा खेळाडू मंडळात सगळे तलवारबाज भरतो आणि पूर्णवेळ शिलेदारांची संख्या वाढवत नेतो. ते नांगर धरत नाहीत, पण जेवतात रोज. मग पीक बुडतं तेव्हा त्यावर बोलणारं मंडळात कुणी नसतं. शेजाऱ्याशी तह करायचा तर सल्ला येतो, आधी त्यांची गुरं आणू.

प्रमुखालाही तिथे हुकूम सोडून भागत नाही. माणसं राजी करावी लागतात, मेजवानी द्यावी लागते. आणि आपल्या शिलेदाराने शेजारचा माणूस मारला तर भरपाईच्या गाई मोजून द्यायला कुळालाच उभं राहावं लागतं, ज्याने मारलं तो कितीही शूर असो.