गोदाकाठचा आदिबंध आणि फाळक्यांचा कॅमेरा

नाशिकहून गोदावरीच्या प्रवाहाबरोबर खाली निघाले की निफाड तालुक्यात चांदोरी आणि सायखेडा ही दोन गावे समोरासमोर लागतात. मधे नदी आणि नदीवर पूल. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले की पुलाच्या खांबांशी पाणवेली अडकतात, पाणी तुंबते आणि गावात शिरते. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधले पूर येथील लोकांच्या चांगलेच स्मरणात आहेत. पण आम्हाला येथे सांगायचे आहे ते पुराविषयी नव्हे, पूर मोजण्याविषयी. धरणाचा विसर्ग क्युसेकमध्ये जाहीर होतो. नदीकाठचा माणूस मात्र विचारतो, ‘दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलंय?’ नाशिकला नदीपात्रात उभ्या असलेल्या या मूर्तीच्या गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत की गळ्यापर्यंत, यावरून खालच्या गावांनी काय समजायचे ते समजते.

एक देवता, तीही दोन तोंडांची, म्हणजे अद्भुताच्या प्रदेशातली; आणि तीच पाणी मोजण्याची पट्टी. वास्तवाची नोंद आणि कथेचा आदिबंध यांची अशी सरमिसळ गोदाकाठाला नवी नाही. आणखी खाली नांदूर मध्यमेश्वरला मृगव्याधेश्वराचे देऊळ आहे. सुवर्णमृगाचे रूप घेतलेल्या मारीचाला रामाने येथे मारले, अशी आख्यायिका त्या देवळाशी जोडलेली आहे. भूगोल कथेचा पुरावा होतो आणि कथा भूगोलाला नाव देते.

याच नदीच्या उगमाशी, त्र्यंबकेश्वरी, ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. सिनेमाच्या इतिहासाची पाठ्यपुस्तके आरंभीच दोन वाटा दाखवतात: ल्युमिए बंधूंची वास्तवाची वाट आणि मेलिएसची जादूची वाट. एकीतून अनुबोधपट निघाला, दुसरीतून परीकथा. ‘डॉक्युमेंटरी’ हा शब्द ग्रिअरसनने १९२६ साली फ्लॅहर्टीच्या ‘मोआना’विषयी लिहिताना वापरला आणि ही विभागणी पुढे पक्की होत गेली. फाळक्यांना आपण सवयीने दुसऱ्या वाटेवर बसवतो आणि ‘पौराणिक चित्रपटांचे जनक’ म्हणून मोकळे होतो. प्रस्तुत लेखात ही सवय आम्हाला थोडी तपासून पाहायची आहे.

फाळक्यांच्या आधी मराठी माणसाने कॅमेरा हाती घेतला तो नोंदीसाठी. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएंच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या. पुढे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ मध्ये कुस्तीचे दृश्य टिपले, तर १९०१ मध्ये रँग्लर परांजपे यांचे मुंबईतले आगमन आणि स्वागत टिपले. दादासाहेब तोरणे यांच्या १९१२ च्या ‘श्री पुंडलिक’मध्येही कॅमेऱ्यासमोर होते ते एक नाटक. फाळके या परंपरेत वेगळी तयारी घेऊन आले. जे. जे. कलाशाळा आणि बडोद्याचे कलाभवन येथले शिक्षण, छायाचित्रण, पुरातत्त्व खात्यातली चाकरी, शिळाछापाचा व्यवसाय आणि जादूचे प्रयोग, हे सारे त्यांच्या खात्यावर जमा होते. जादूगार म्हणून त्यांनी घेतलेले ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव म्हणजे फाळके हे आडनावच उलटे केलेले. पुरातत्त्व खात्याचा छायाचित्रकार आणि जादूगार एकाच माणसात नांदत होते, हे लक्षात ठेवावे.

१९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर भांडवलदाराची खात्री पटवण्यासाठी त्यांनी जी चित्रफीत केली, ती कोणत्याही देवाची नव्हती. कुंडीत पेरलेल्या बीचे रोप कसे वाढते, हे त्यांनी अनेक दिवस ठराविक अंतराने एकेक चौकट टिपून दाखवले. ‘अंकुराची वाढ’ ही शुद्ध नोंद आहे. तिच्यात काल्पनिक काहीच नाही. तरीही पडद्यावर जे दिसले असेल ते कहाणीतलेच. आपल्या कहाण्यांतली राजकन्या ‘दिसामाशी वाढते’, म्हणजे वर्षे एका वाक्यात सरतात. कथेचा हा आकुंचित काळ फाळक्यांनी यंत्रातून मिळवला. त्यासाठी त्यांना खोटे काही सांगावे लागले नाही, नोंद दाखवण्याचा वेग तेवढा बदलावा लागला. भारतीय चित्रपटाच्या आरंभी अनुबोधपट आणि परीकथा ही अशी एकाच बीजात होती, असे आम्हाला वाटते.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. त्याची कथा पुराणातली असली तरी तिचा सांगाडा ‘आटपाट नगरा’च्या कहाणीचा आहे. सुखी राजा, दिलेला शब्द, सत्त्वपरीक्षा, राज्यत्याग, अंतिम कसोटी आणि शेवटी सारे परत मिळणे. व्लादिमिर प्रॉपने १९२८ मध्ये रशियन परीकथांच्या घटकांची जी क्रमवार मांडणी केली, तिच्याशी या सांगाड्याचे नाते जुळवणे विद्यार्थ्यांना अवघड जाऊ नये. परंतु आज आपण ती उरलेली रिळे पाहतो तेव्हा केवळ कथा पाहत नाही. तारामती म्हणून दिसतात ते अण्णा साळुंके. स्त्रिया कॅमेऱ्यासमोर यायला तयार नव्हत्या, या सामाजिक वस्तुस्थितीचा दस्तऐवजच त्या पदराआड उभा आहे. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंक्यांच्याच होत्या. आदिबंध कायम राहिला आणि त्याच्या आत एका माणसाचे शरीर, एका काळाची मर्यादा नोंदली गेली.

१९१३ मध्येच फाळके नाशिकला आले. येथे त्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ केला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या. येथल्याच काळात आगकाड्यांना नाचवणारी ‘आगकाड्यांची मौज’ झाली, तळेगावच्या काच कारखान्यावरची फीत झाली आणि १९१७ मध्ये चित्रपट कसे तयार करतात हे दाखवणारी फीतही झाली. या शेवटच्या फितीच्या उरलेल्या तुकड्यात फाळके स्वतः काम करताना दिसतात. जादूगाराने आपली पोतडी उघडून दाखवावी, तसे हे आहे. पोतडी उघडल्यावर जादू संपेल अशी भीती त्यांना वाटली नाही.

या सरमिसळीचा सर्वांत स्वच्छ नमुना म्हणजे १९१९ चा ‘कालियामर्दन’. चित्रपटाच्या आरंभी कृष्ण नाहीच. सुमारे सात वर्षांची एक मुलगी, फाळक्यांची कन्या मंदाकिनी, तिच्या नेहमीच्या वेषात कॅमेऱ्याकडे पाहून चेहऱ्यावर एकामागून एक भाव आणते. ही घरातल्या मुलीची नोंद आहे. मग तिचे रूप विरते आणि त्या जागी कृष्ण उभा राहतो. प्रेक्षकाला आधी सांगितले गेले आहे की ही एक मुलगी आहे. नंतर त्याच प्रेक्षकाने तिला देव मानायचे आहे. आणि तो मानतोही. पुढे कृष्ण डोहात उडी घेतो, पाण्याखाली नागाशी झुंजतो आणि काठावर माणसे हवालदिल होऊन पाहत राहतात. दरवर्षी नदीच्या पाण्याकडे पाहत उभे राहणाऱ्या गावांना हे काठावरचे चेहरे अनोळखी वाटू नयेत.

येथवर आम्ही फाळक्यांच्या बाजूने बोललो. एक आक्षेप मात्र टाळता येत नाही. आदिबंध जसा वास्तवाला उजळतो, तसा तो वास्तव झाकतोही. २ मार्च १९३० रोजी नाशिकला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारखे कार्यकर्ते त्यात पुढे होते. त्या वर्षी रामनवमीच्या रथावरून संघर्ष पेटला. सत्याग्रह काही वर्षे चालला. आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. नेमक्या याच काळात, १९३२ मध्ये, फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ आला. पडद्यावरचा राम वानरांच्या मदतीने समुद्रावर पूल बांधतो आणि शहरातल्या रामाच्या दाराशी माणसे अडवली जातात. परीकथेचा जुना आदिबंध, बंद दार आणि बाहेर तिष्ठणारा नायक, त्या वर्षांत मंदिराच्या पायऱ्यांवर प्रत्यक्ष उभा होता. फाळक्यांच्या चित्रपटाने मात्र रामाची कथा त्याच्याकडे पाठ करूनच सांगितली.

म्हणून प्रश्न अनुबोधपटात परीकथा मिसळावी की नाही, हा नव्हेच. ती मिसळलेलीच असते. कोणता आदिबंध कोणाच्या चेहऱ्यावर उजेड पाडण्यासाठी वापरला जातो, हा खरा प्रश्न आहे.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी फाळके नाशिकलाच वारले. त्यांच्या चित्रपटांपैकी फारच थोडे, तेही बहुतेक तुकड्यांत, उरले आहेत. हरिश्चंद्राची कथा काही हरवलेली नाही. ती उद्या पुन्हा कोणीही सांगेल. हरवले ते त्या कथेच्या मिषाने टिपले गेलेले चेहरे, अंगणे, हातवारे आणि उजेड. कथा पुन्हा सांगता येते. नोंद पुन्हा करता येत नाही. उरलेली रिळे वर्गात दाखवताना विद्यार्थ्यांना देव कोणता हे विचारण्याआधी, त्या वेषात माणूस कोण आहे, हे विचारावे. सायखेड्याचा माणूस मारुतीकडे पाहून हात जोडतो, आणि त्याच नजरेने पाणी किती चढले तेही पाहून घेतो. चित्रपट वाचणाऱ्या आपल्यासारख्यांनी ती नजर त्याच्याकडून घ्यावी.