मालगाडीच्या डब्यातला गवई

१९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यावर पाऊस रुसला, धुळीची वादळे उठली आणि हजारो कुटुंबे चंबूगबाळे आवरून कॅलिफोर्नियाच्या वाटेला लागली. तिथले लोक त्यांना 'ओकी' म्हणून हिणवीत. त्यांतलेच एक कुटुंब हॅगार्डांचे. बाप रेल्वेत सुतार. बेकर्सफील्डजवळच्या ऑइलडेल गावी त्याने मालगाडीचा एक जुना डबा घेतला, त्याला राहण्याजोगे रूप दिले आणि त्यातच संसार थाटला. १९३७ साली जन्मलेल्या मर्लचे बाळपण या डब्यातच गेले.

मर्ल नऊ वर्षांचा असताना बाप गेला, आणि पोर हाताबाहेर गेले. पळून जाणे, चोऱ्या, सुधारगृह, आणि अखेर १९५८ साली सान क्वेंटिनचा तुरुंग! पुढच्याच वर्षी १ जानेवारीला तिथे जॉनी कॅश गायला आला. कॅश हा आर्कान्सामधल्या कापूस वेचणाऱ्या कुटुंबातला. त्याने कधी शिक्षा भोगली नव्हती, पण कैद्यांशी तो बरोबरीच्या नात्याने बोले. श्रोत्यांत मर्ल बसला होता. १९६० साली तो सुटला, भावाच्या हाताखाली खड्डे खणू लागला आणि रात्री गुत्त्यांतून गाऊ लागला. आईबापांचे कष्ट, तुरुंग, मजुरांच्या छावण्या हेच त्याच्या गाण्यांचे विषय. १९७२ साली राज्याचे गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी त्याला संपूर्ण माफी दिली.

इकडे नॅशव्हिल शहरात या खेडवळ 'कंट्री' संगीताचा धंदा मांडला गेला होता. वादक कोण, गाणे कोणते, हे कंपनी ठरवी आणि वरून व्हायोलिनांचा ताफा नि गोड कोरस यांची साखर पेरी. टेक्सासच्या वेलन जेनिंग्जने भांडून १९७२ साली आपल्या ध्वनिमुद्रणाचे अधिकार मिळवले. लहानपणी कापूस वेचलेल्या विली नेल्सनने १९७५ साली 'रेड हेडेड स्ट्रेंजर' ही तबकडी मोजक्या वाद्यांवर केली. कंपनीच्या साहेबांना ती अपुरी वाटली, पण करारामुळे शेवटचा शब्द विलीचा होता. तबकडी हातोहात खपली!

वाचकहो, यांना 'आउटलॉ', म्हणजे कायद्याबाहेरचे फरारी, हे नाव पडले. मागणी मात्र किती साधी! गवंडी, सुतार, ट्रकचालक जे मागतो तेच: आपल्या हातच्या कामात आपला शब्द चालावा. म्हणूनच कष्टकऱ्यांना ही गाणी आपली वाटली.

पण बाजार मोठा चतुर. १९७६ साली त्याने या बंडालाच वेष्टण घातले. 'वाँटेड! दि आउटलॉज' ही दहा लाखांच्या खपाचा मान मिळवणारी पहिली कंट्री तबकडी ठरली. दोनच वर्षांनी जेनिंग्जने या बिरुदाला वैतागून गाणे केले. आणि गंमत अशी, की ज्याने खरोखरच तुरुंगाचे गज मोजले होते, तो मर्ल त्या तबकडीवर नव्हताच!

२०१६ साली, ६ एप्रिलला, आपल्या ७९व्या वाढदिवशी मर्ल हॅगार्ड वारला. आदल्याच वर्षी तो मालगाडीचा डबा बेकर्सफील्डच्या संग्रहालयात नेण्यात आला होता. ज्या घरावरून 'ओकी' म्हणून टोमणे खाल्ले, ते घर आता गावचे भूषण झाले होते.