‘ओ’ म्हणजे शून्य नव्हे

रक्तगटांचा तक्ता शिकवताना आपण फळ्यावर एक वाक्य हमखास लिहितो: ‘ओ’ गटाच्या तांबड्या पेशी कोणालाही चालतात. ‘ए’ गटाच्या पेशींवर ‘ए’ प्रतिजन, ‘बी’ गटाच्या पेशींवर ‘बी’, ‘एबी’वर दोन्ही आणि ‘ओ’वर काहीच नाही. जिथे काहीच नाही, तिथे विरोध तरी कशाला होणार? तर्क सरळ आहे, पण पुरा नाही. हे दाखवणाऱ्या व्यक्ती मुंबईत सापडल्या.

व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला. त्यानंतर सुमारे पन्नास वर्षांनी, १९५२ साली, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात मुंबईचे डॉ. वाय. एम. भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांचे एक टिपण आले. लंडनचे रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स हेही त्यात सहभागी होते. मुंबईतल्या तीन व्यक्तींच्या पेशींवर ‘ए’ नव्हता, ‘बी’ही नव्हता. म्हणजे गट ‘ओ’ हवा. पण त्यांचे रक्तद्रव ‘ओ’ गटाच्या पेशींच्याही गुठळ्या करत होते!

याचा अर्थ ‘ओ’ पेशींवर काहीतरी असले पाहिजे. ते म्हणजे ‘एच’ प्रतिजन. हा सर्व गटांचा पाया. पेशीवरील शर्करांच्या साखळीला एक विकर फ्युकोज नावाची शर्करा जोडते, की ‘एच’ तयार होतो. त्यावर आणखी एक विशिष्ट शर्करा चढली तर ‘ए’ किंवा ‘बी’. काहीच चढले नाही तर ‘ओ’. या तिघांकडे पायाच नव्हता. त्यामुळे त्यांच्या रक्तद्रवात ‘ए’ आणि ‘बी’विरुद्ध प्रतिपिंडे होतीच, शिवाय ‘एच’विरुद्धही होती. खरा शून्य हा! त्याला ‘बॉम्बे रक्तगट’ असे नाव पडले.

आता हा प्रश्न वसमत तालुक्यातल्या कुरुंद्यात आणून पाहू. समजा, गावातल्या तिघांना रक्त हवे आहे. बाळंतपणात रक्तस्राव झालेल्या बाईची गरज वेळेची आहे. रक्त तासाभरातही उशिराचे ठरू शकते. थॅलॅसेमिया झालेल्या मुलाची गरज सातत्याची. दर दोन ते चार आठवड्यांनी, वर्षानुवर्षे. तिसरा रुग्ण बॉम्बे गटाचा. त्याला बॉम्बे गटाचाच दाता लागतो, आणि भारतात असे लोक साधारणपणे दहा हजारांत एक. नेहमीच्या पद्धतीने साठवलेल्या तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात. त्यामुळे हे रक्त आधीच भरून ठेवणे अवघड. दात्यांची यादी मात्र ठेवता येते.

खरा धोका वेगळाच आहे. शिबिरात काचपट्टीवर रक्ताचे थेंब घेऊन आपण गट पाहतो. दोन्ही थेंबांत गुठळी नाही, की लिहिले ‘ओ’. बॉम्बे गटाची व्यक्तीही इथे ‘ओ’च ठरते. अशा रुग्णाला ‘ओ’ रक्त दिले, तर दिलेल्या पेशी फुटतात आणि जीव जाऊ शकतो. उलट चाचणी, म्हणजे त्याचे रक्तद्रव माहीत असलेल्या ‘ओ’ पेशींशी मिसळणे, हे लगेच उघड करते. खऱ्या ‘ओ’च्या रक्तद्रवाने गुठळी होत नाही, बॉम्बेच्या होते. म्हणूनच दाता आणि रुग्ण यांचे रक्त जुळवून पाहिल्याशिवाय पिशवी लावत नाहीत.

बॉम्बे गट अप्रभावी जनुकामुळे येतो. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता चारात एक. नात्यातल्या लग्नांत ही शक्यता वाढते. म्हणून एक व्यक्ती सापडली, की तिच्या सख्ख्या भावंडांची तपासणी आधी करावी; दाता बहुधा घरातच मिळतो किंवा फार लांब शोधावा लागतो.

तेव्हा तक्ता जरूर शिकवू या. फक्त ‘ओ’च्या रकान्यात ‘काही नाही’ऐवजी ‘एच’ लिहू या. त्या एका अक्षराने पुढचा प्रश्न विद्यार्थीच विचारतील: ज्याच्याकडे ‘एच’ही नाही, त्याने रक्त कोणाचे घ्यायचे?